ग्वोकाचे ढोल आणि मुलीचे करिअर

स. न. वि. वि.

आपले पत्र आणि सोबतचा मसुदा मिळाला. आपली कन्या फ्रेंच विषय घेऊन कलाशाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, रोज रात्री विकिपीडियावर कॅरिबियन बेटांवरील ढोल आणि नाच यांविषयी लिहीत बसते, आणि ग्वादलुप बेटावरील ग्वोका या ढोल-नाचाच्या परंपरेतील एका वादकाशी व्हिडिओ कॉलवर बोलून तिने लिहिलेला परिच्छेद दुसऱ्या संपादकाने काढून टाकल्यापासून ती हिरमुसली आहे. या उद्योगातून पोट भरेल का, असे आपण विचारता. विकिपीडियावरचे लेखन स्वयंसेवी असते, त्याला मानधन नाही, हे आधीच सांगून टाकतो.

परिच्छेद काढणाऱ्याचे नियमानुसार काही चुकले नाही. तिथे स्वतः मिळवलेली, अन्यत्र कुठेही न छापलेली माहिती चालत नाही. प्रत्येक विधानामागे विश्वासार्ह, प्रकाशित आधार लागतो. मात्र वगळलेला मजकूर मसुद्यात आहे आणि माझ्या मते सगळ्यात जिवंत तोच आहे. लेवोझच्या, म्हणजे ग्वोकाच्या खुल्या मैफलीच्या, रात्री रिंगणात एकेक नाचणारा उतरतो, बुला नावाचे खर्जाचे ढोल ठेका धरून ठेवतात, आणि चढ्या आवाजाच्या माके ढोलावरचा वादक नाचणाऱ्याच्या पायांवरची नजर न हलवता त्याच्या पावलांना उत्तर देत जातो, हे तिने नेमके टिपले आहे. विश्वकोशाच्या दृष्टीने जो दोष ठरला, तोच लोकसंगीताच्या संशोधकाचा मूळ व्यवसाय आहे.

तिची दुसरी नोंद वेगळ्या जातीची आहे. ग्वादलुपचा बुला, क्युबातील तुंबा फ्रान्सेसा या ढोल-नाचातला बुला आणि कॅरिआकू बेटाच्या बिग ड्रम या नाचसोहळ्यातला बुला हे नाव तिने एका ओळीत आणले. सेंट-डोमिंग या फ्रेंच वसाहतीत (आजचे हैती) १७९१ मध्ये झालेल्या गुलामांच्या उठावानंतर फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांसह पूर्व क्युबात पळाले, त्यामुळे तिथला दुवा समजतो. पण या बेटांविषयीचे लेखन बहुतांशी अनुक्रमे फ्रेंच, स्पॅनिश आणि इंग्रजीत असल्याने एकाचा वाचक दुसऱ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. तिन्हींची सांगड घालणे, संदर्भ तपासणे, हे ग्रंथपाल आणि अभिलेखपाल यांच्या वळणाचे काम झाले.

तेव्हा माणसांना बोलते करण्यात तिचा जीव रमतो की छापील आधारांची जुळणी करण्यात, हे आपण तिलाच विचारावे. पहिले असेल तर लोकसंगीतशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण पाहावे. ग्वादलुप १९४६ पासून फ्रान्सचा सागरपार विभाग असल्याने तिचे फ्रेंच तिथे थेट उपयोगी पडेल, आणि आपल्याकडे गुरुग्रामला या विषयाचे, १९८२ साली स्थापन झालेले संग्रह व संशोधन केंद्र आहे. दुसरे असेल तर पदवीनंतर ग्रंथालय व माहितीशास्त्राचा अभ्यासक्रम करावा. २०१० मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकिपीडियाच्या एका संपादकाला काही आठवडे आपल्याकडे बसवले आणि पुढे इतर संग्रहालयांनी तशी पदे काढली. ती थोडी आणि बहुधा मुदतीची असतात, म्हणून त्यांवर भिस्त ठेवू नये.

तूर्त तिने ग्वोकाचा एकच लेख पुरा करावा. २०१४ मध्ये तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला, तेव्हा प्रकाशित आधार शोधायला ती कागदपत्रे हाताशी आहेत. आणि मसुद्यातला ‘आदिम ताल’ हा शब्दप्रयोग काढावा. ऊसमळ्यांवर गुलाम म्हणून राबणाऱ्या माणसांनी घडवलेल्या, सात तालांना सात वेगळी नावे असलेल्या कलेला तो शोभत नाही.

आपला,
करिअर मार्गदर्शक