बुधवारी १३, रविवारी ८

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३६, काम हिशेबाचं. गेले पाचसहा आठवडे झोपेचं पार खोबरं झालंय. बुधवारी रात्री अडीच वाजता टक्क जागी होते, म्हणून मोबाइलवर जीएडी-७ ही चिंतेची प्रश्नावली भरली. १३ गुण आले, खाली 'मध्यम चिंता' असं लिहून आलं, आणि उरलीसुरली झोपही गेली. रविवारी दुपारी पुन्हा भरली तर ८! नवरा म्हणतो, "कशाला असलं काही भरत बसतेस?" मला चिंताविकार झालाय का? गोळ्या सुरू कराव्या लागतील का?

उत्तर : तुमच्या पत्रातला तो रविवारचा ८ मला फार आवडला. बहुतेक जण पहिल्याच आकड्याला कवटाळून बसतात. तुम्ही पडताळा घेतलात, हिशेबवाल्या शोभता! मग हिशेबच करू या. ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. म्हणजे बुधवारच्या आणि रविवारच्या चौदा दिवसांत दहा दिवस तेच होते. तरी पाच गुण गळाले. मधले चार दिवस जरा बरे गेले असतील, हे एक. पण रात्री अडीचला मागं वळून पाहिलं की सगळेच दिवस काळे दिसतात, हेही आहेच. 'काही दिवस' या उत्तराला १ गुण, 'निम्म्याहून जास्त दिवस'ला २. पाच प्रश्नांत बोट एकेक घर इकडे सरकलं की १३चे ८ झाले. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. आठवण म्हणजे काही खतावणी नव्हे.

ही सात प्रश्नांची प्रश्नावली रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडली. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. घाईच्या दवाखान्यात कोणाशी जरा बसून बोलायला हवं, हे डॉक्टरला पटकन कळावं, हा हेतू. त्या मूळ अभ्यासात १०ची रेषा धरली तर सततच्या चिंतेचा विकार असलेल्या १०० पैकी ८९ जण सापडले आणि नसलेल्या १०० पैकी १८ जणही रेषेवर गेले. हे १८ थोडे वाटतात. पण समजा, शंभर माणसांत पाचच जणांना हा विकार आहे. त्यांतले चारपाच सापडतील, आणि उरलेल्या पंच्याण्णवातले सतराएक जणही रेषेपलीकडे दिसतील. म्हणजे दहाच्या वर गेलेल्यांत हा विकार नसलेलेच जास्त! अर्थात ते सगळे ठणठणीत असतात असंही नाही. कुणाला पॅनिकचे झटके येत असतात, कुणाला नैराश्य असतं, कुणाच्या घरी खरंच आजारपण चाललेलं असतं. माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा मी स्वतः ही प्रश्नावली भरली होती. ११ आले. मला विकार नव्हता, वडील आजारी होते.

या विकाराचं निदान करायला आम्ही निदान सहा महिन्यांचा काळ पाहतो. त्यात बहुतेक दिवस, अनेक गोष्टींची, आवरता न येणारी काळजी. जोडीला थकवा, चिडचिड, स्नायू ताठणं, लक्ष न लागणं, झोपमोड, अस्वस्थपणा यांतलं निदान तीन तरी. शिवाय त्यापायी मोठा त्रास, किंवा कामात नाहीतर नात्यात अडथळा. तुमचे आठवडे पाचसहा. तेव्हा आज १३ आले असते काय किंवा १९ काय, तेवढ्यावरून मी हे नाव लिहिलं नसतं.

आकडा का आला, हे आकडा सांगत नाही. एक बाई १६ गुण घेऊन आल्या. हात हातात घेतला तर तळवा ओला, गरम आणि बोटं थरथरणारी. नाडी पळत होती. रक्त तपासलं, थायरॉइड वाढलेलं निघालं. दुसरे एक गृहस्थ, गुण अवघे ४. मी खूश होणार इतक्यात त्यांची बायको म्हणाली, "अहो, हे दोन वर्षं लिफ्टमध्ये चढले नाहीत, गर्दीत गेले नाहीत, फोनसुद्धा मीच घेते." भीती वाटेल अशी प्रत्येक जागा टाळली, मग भीती वाटणार कधी? या गृहस्थांना उपचारांची खरी गरज होती.

तेव्हा नवऱ्याचं 'कशाला भरतेस' मला निम्मंच पटतं. रोज भरू नका. रोज वजन करण्यासारखंच ते, त्यानंच काळजी वाढते. पण रविवारच्या ८वर विसंबूनही राहू नका. काही ठिकाणी ८ हीच रेषा धरतात, आणि दीड महिना झोप नसणं हे डॉक्टरकडे जायला पुरेसं कारण आहे. गोळ्यांचा निर्णय गुणांवर होत नसतो. बऱ्याच जणांना बोलण्याच्या उपचारांनी उतार पडतो, काहींना गोळ्या लागतात, आणि लागल्या तरी त्या बहुतेकदा जन्मभराच्या नसतात. आणि हो, जीव द्यावासा वाटतो का, हे या सात प्रश्नांत कुठेच विचारलेलं नाही. तसं कधी मनात आलं, तर गुण मोजत बसू नका. त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

जाताना दोन्ही वेळची उत्तरं घेऊन जा, नुसती बेरीज नको. रोज किती वाजता जाग येते, चहा-कॉफी किती होते, कोणती औषधं चालू आहेत, हे कागदावर लिहून न्या. मूळ कागदावर सातांच्या खाली आणखी एक प्रश्न असतो. त्याला गुण नसतात, म्हणून मोबाइलवर तो बरेचदा गाळतात : या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? कागद हातात आला की मी आधी तेवढंच उत्तर वाचते. तुमच्या पत्रात ते नाही.