कर्ज फेडायला एकट्याचा फ्लॅट सोडून शेअरिंगमध्ये राहायला जावं का?

क्रेडिट कार्डचं कर्ज असेल तर जा, फार विचार करू नका. मी कोथरूडला वन बीएचकेचे १६,००० देत होतो, आता तिघांत ६,५०० देतो. कार्डावर १,४०,००० थकले होते. महिना साडेतीन टक्के म्हणजे ४,९०० व्याज, वर १८ टक्के जीएसटी. मी ६,००० भरायचो आणि मुद्दल जेमतेम दोनशेने हलायची! भाड्यातले वाचलेले ९,५०० त्यात टाकले तेव्हा कुठे आकडा उतरायला लागला. डिपॉझिटही उपयोगी पडलं. जुन्या घरमालकाने रंगकामाचे कापून ४३,००० परत दिले, इथे १३,००० भरले, उरलेले ३०,००० कार्डावर. नऊ महिन्यांत मोकळा झालो.

मात्र जुना करार नीट वाचा. लॉक-इन, म्हणजे करारात ठरलेला किमान राहायचा काळ, संपायच्या आत निघालात तर डिपॉझिटवर पाणी सोडावं लागू शकतं. नव्या घराच्या भाडेकरारात तुमचं नाव हवंच.

त्रास म्हणाल तर सकाळी बाथरूमची रांग आणि फ्रीजमधलं दूध. पिशवीवर मार्करने नाव लिहिलं, तरी दूध जातंच.