गच्चीवरच्या हवामान यंत्रात तापमान, आर्द्रता येते, पण वाऱ्याचा वेग उत्तरायणापासून शून्यच का?

बडोद्यात उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांनंतर, वारा 'बंद' पडला असेल तर सगळ्यात आधी मांजा बघा. वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्यांच्या खाली, दांडा जिथे आत शिरतो तिथे दोऱ्याचे वेढे बसतात. लांबून दिसतही नाहीत. चिमट्याने काढा, काच लावलेला दोरा बोट कापतो. आणि तो मांजा गच्चीवर सोडू नका, पाखरं अडकून मरतात हो. वाट्या नुसत्या फुंकरीने फिरायला हव्यात.

फिरतात, तरी शून्य? बहुतेक घरगुती यंत्रांत फिरणाऱ्या भागात चुंबक असतं. ते रीड स्विचजवळून गेलं की सर्किट क्षणभर जुळतं, त्या ठोक्यांवरून वेग निघतो. वाऱ्याची केबल सॉकेटमधून काढा, वेगाच्या दोन तारांना मल्टिमीटर बीपवर (सर्किट जुळलं की वाजतो ती सेटिंग) लावा आणि वाट्या हळू फिरवा. थांबून थांबून बीप आला तर सेन्सर ठीक, सॉकेटमधला हिरवा गंज साफ करा. बीपच नाही तर केबल हाताने चाचपत जा, खारी कुरतडतात. केबल धड असेल तर स्विच गेला.

तापमान त्याच युनिटमधून येत असेल, तर बॅटरीवर उगाच पैसे घालवू नका. शून्याऐवजी नुसत्या रेघा असत्या, तर गोष्ट वेगळी होती.