फोटोवरून निसर्गचित्र रंगवताना

प्रश्न : वाईजवळच्या मेणवलीच्या नदीकाठच्या घाटाचा दुपारी मोबाइलवर काढलेला फोटो समोर ठेवून मी जलरंगात चित्र रंगवले. रेखाटन बरोबर आहे, रंगही फोटोशी जुळतात. तरी चित्र सपाट वाटते आणि झाडांखालची सावली भोक पडल्यासारखी काळी दिसते. कुठे चुकते आहे? फोटोत नसलेला बदल चित्रात केला तर चालतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : रंग जुळूनही चित्र सपाट वाटत असेल, तर दोष बहुधा छायाभेदात, म्हणजे उजळ-गडद छटांच्या फरकात असतो. भर उन्हातली पायरी आणि झाडाखालची सावली आपण आळीपाळीने पाहतो आणि डोळा प्रत्येक वेळी जुळवून घेतो. कॅमेऱ्याला ही सवड नसल्यामुळे सावलीतला तपशील काळ्यात बुडतो किंवा आकाश पांढरेफटक पडते. अलीकडचे मोबाइल यावर उपाय म्हणून उजेड आणि सावली यांतले अंतरच कमी करून टाकतात, आणि ही मदत चित्रकाराला फारशी मानवत नाही.

रंगांना हात लावण्यापूर्वी फोटो कृष्णधवल करून, डोळे किलकिले करून पाहावा आणि पोस्टकार्डाएवढ्या कागदावर 6बी या मऊ, गडद पेन्सिलने उजळ, मध्यम आणि गडद अशा तीनच छटांत तो मांडावा. मेणवलीचा दगड काळा आहे हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून हात आपोआप गडद रंगाकडे जातो. प्रत्यक्षात उन्हात तापलेला पायरीचा आडवा भाग सावलीतल्या हिरव्या पानांपेक्षाही उजळ असू शकतो, तिचा सावलीतला उभा भाग मध्यम छटेत जातो आणि खरा गडदपणा झाडाखाली व देवळाच्या दाराआत उरतो. प्रत्येक पायरीची रेघ ओढत बसू नये. उजेडाकडच्या चार-दोन कडा स्पष्ट ठेवून बाकीच्या सावलीत मिसळू द्याव्यात. सावलीसाठी तयार काळा वापरण्याऐवजी अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचे मिश्रण घ्यावे. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, त्यामुळे गडद छटा ओली असताना थोडी जास्तच वाटली पाहिजे.

चित्रकार सावळाराम हळदणकरांचे म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधील दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र पाहावे. तेही जलरंगातच आहे. ज्योत हाताआड असून चेहऱ्यावर उजेड पडतो, आणि तो जाणवतो तो भोवतीच्या मोठ्या अंधारामुळे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मोबाइलची रुंद लेन्स जवळच्या पायऱ्या अवाढव्य आणि मागचे देऊळ इवलेसे करते, तेव्हा फोटोतले प्रमाण प्रमाण मानण्याचे कारण नाही. देऊळ थोडे मोठे करावे, नदीची कडरेषा कागदाच्या बरोबर मधून जात असेल तर वर किंवा खाली सरकवावी, विजेच्या तारा सरळ गाळाव्यात. सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद छटा जिथे भेटतात तिथे नजर आधी जाते. ती जागा देवळापाशी हवी की घाटावर कपडे धुणाऱ्या माणसांपाशी, हे छोट्या आराखड्यातच ठरवावे. दोन-तीन वेगळे आराखडे करून त्यांतला एक निवडणे उत्तम. मात्र दुसऱ्या फोटोतून माणसे किंवा होडी आणून बसवणार असाल, तर दोन्ही फोटोंत उजेड एकाच बाजूने येतो ना, ते आधी तपासा. सकाळची लांब सावली दुपारच्या घाटावर पडली, तर बघणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी खटकतेच.