मळी नदीत गेल्यावर

कोल्हापूर

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल रात्री मिळालं. तुमच्या साखर कारखान्याच्या लगूनचा, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी साठवायच्या तळ्याचा, बांध फुटला, ते सांडपाणी, म्हणजे मळी, ओढ्यातून नदीला मिळाली आणि एमडींनी (कार्यकारी संचालकांनी) तुला सांगितलं, "आज काही लिहू नका, उद्या बघू." उद्यावर ढकलू नकोस. आजच लिही.

जल प्रदूषण प्रतिबंधाचा 1974 चा कायदा काढ आणि कलम 31 वाच. अपघाताने दूषित पाणी नदी-नाल्यात गेलं, किंवा जाण्याची शक्यता दिसली, तरी त्या जागेचा कारभार ज्याच्या हातात आहे त्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाला ताबडतोब कळवायचं असतं. ही जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची आहे, म्हणून पत्रावर एमडींची सही हवी. मसुदा तू टाइप कर आणि त्यांच्यासमोर ठेव. किती वाजता फुटलं, अंदाजे किती मळी गेली, कुठल्या ओढ्याने गेली, आत्तापर्यंत काय केलं, एवढंच लिही. कारणांची चर्चा त्यात नको. सही झाली नाही तर मंडळाच्या अधिकाऱ्यांना तू स्वतः फोन कर, आणि फोन केल्याचं एमडींना लेखी कळव. नोकरीची भीती वाटणं साहजिक आहे. पण नदीत मेलेले मासे वर आले की नमुने घ्यायला मंडळाची माणसं येणारच आहेत. तोपर्यंत गप्प बसलेल्या कारखान्याचं नंतर कुणी ऐकून घेत नाही.

मंडळाच्याही आधी खालची गावं. ज्या गावांच्या जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरी, त्या पट्ट्यात आहेत, तिथल्या सरपंचांना आणि पाणी सोडणाऱ्या माणसाला फोन जायला हवा: उपसा बंद ठेवा, जनावरं नदीवर नेऊ नका. आपल्याकडे पंचगंगेवर रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे एकाखाली एक बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पाणी थांबतं. वाहत्या नदीत जे विरळ होत गेलं असतं, ते बंधाऱ्यामागे तुंबून राहतं. मासे गुदमरून काठाला तोंड वर काढायला लागले की पोरं टोपल्या घेऊन पाण्यात उतरतात, ते मासे घरी जातात, बाजारातही जातात. ते थांबवायला ग्रामपंचायतीचा भोंगा लागतो, कारखान्याच्या प्रेसनोटचा तिथे उपयोग नाही. बरगे काढा म्हणून गावकरी मागणी करतील. काढले तर घाण पुढच्या गावाच्या दारात जाते. वरच्या धरणातून पाणी सोडायचं की नाही, कुठले बरगे कधी काढायचे, हे पाटबंधारे खात्याने ठरवू दे. तू त्यांना खरे आकडे दे.

तुमचे चेअरमन "थोडीशीच गेली" म्हणाले, असं तू लिहिलंस. त्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखव. कच्च्या स्पेंटवॉशची, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मळीची, बीओडी (त्यातली घाण कुजताना पाण्यातला जितका प्राणवायू खाते तो आकडा) लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्या घरात असते. नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा 30 आहे. नदीचं स्वच्छ पाणी आपल्याकडच्या हवामानात लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवतं. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉशला 5,000 लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू लागतो. एक हजार घनमीटर गेलं असेल तर 500 कोटी लिटर पाण्याचा. हवेतून प्राणवायू परत मिसळत राहतो, हे खरं. पण बंधाऱ्यामागच्या साचलेल्या पाण्यात तो फार सावकाश मिसळतो. "थोडीशी" या शब्दाला या हिशेबात जागा नाही.

ओढ्यावर मातीचा आडवा बांध घालून साचलेली मळी टँकरने परत उचलायला सुरुवात केलीस, ते उत्तम केलंस. डिस्टिलरीचं फर्मेंटेशन (आंबवणं) मात्र अजून चालू आहे, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. ते आधी बंद करा. इथेनॉलचा पुरवठा लांबला तर तेल कंपन्या दंड लावतील, लावू देत. नमुने ओढा नदीला मिळतो त्या संगमाच्या वर, संगमावर आणि खाली असे तिन्हीकडचे घे, सूर्य उगवायच्या आधी घे. प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. दुपारचा आकडा बरा दिसतो म्हणून तोच पाठवा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस.

आता सगळ्यात अवघड भाग. तू लिहिलंस की रात्रपाळीच्या ऑपरेटरला निलंबित करायचं ठरतंय. बैठकीआधी लगूनचं लॉगबुक घेऊन बस. पातळीची नोंद रोज चढत गेलेली दिसेल. मळी आटवणारा इव्हॅपोरेटर कधी बंद पडला, त्याच्या नळ्या साफ करायची मागणी कुणी केली, ती कुणाच्या टेबलावर अडकली, आणि तो बंद असतानाही डिस्टिलरी पूर्ण क्षमतेने चालवायचा निर्णय कुणी घेतला, हे सगळं त्याच पानांत आणि खरेदी विभागाच्या फायलीत आहे. बांध फुटला त्या रात्री, पण तो फुटणार हे काठावर उभा असलेल्या माणसाला आठवडाभर आधी दिसत होतं. त्या ऑपरेटरने मोकळी जागा कमी होत चालल्याची नोंद केली असेल, तर संपूर्ण कारखान्यात आपलं काम नीट करणारा तो एकटाच निघेल. त्याचा बळी देऊ नकोस. उद्यापासून मग कुठलाच ऑपरेटर खरी पातळी लिहिणार नाही, आणि पुढचा बांध फुटेल तेव्हा तुझ्या हातात लॉगबुकसुद्धा नसेल. पानांचे फोटो आजच काढून ठेव.

आणखी एक. तुमच्या वार्षिक अहवालात "शून्य सांडपाणी विसर्ग" असं छापलंय, तो परिच्छेद तू लिहिला होतास. आता ते खरं राहिलेलं नाही. पुढच्या अहवालाची वाट बघू नका, सभासदांना पत्रकाने कळवा. सहकारी कारखान्यात ही गोष्ट फार जवळची असते. ज्यांचा ऊस गाळपाला येतो त्यांचीच म्हैस त्या पाण्यावर, त्यांचीच मोटर त्या नदीवर, त्यांच्याच लेकीसुना खालच्या गावात. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसं दगावली, तेव्हापासून या पट्ट्यात पाण्याबद्दल कुणी "काळजी करू नका" म्हटलं की लोक आणखी काळजी करतात, आणि त्यांचं बरोबर आहे. म्हणून सभासदांसमोर जाताना तारखा घेऊन जा: लगून कधीपर्यंत रिकामं होणार, त्याला नवं अस्तर कधी, इव्हॅपोरेटर चालू नसेल तर डिस्टिलरी बंद राहील असा ठराव संचालक मंडळ कधी करणार. भोई कुटुंबांची मासेमारी बुडाली आहे. भरपाईचा विषय त्यांनी मोर्चा काढायची वाट न बघता तुम्हीच मांडा.

राजीनामा द्यावा का, असं शेवटी विचारलंस. हंगाम संपेपर्यंत नाही. लॉगबुक कुठल्या कपाटात आहे हे माहीत असलेलं माणूस आत्ता आत असायला हवं. उद्या बैठकीला जाण्याआधी मंडळाच्या पत्राचा मसुदा मला फोनवर वाचून दाखव. मी पहाटे पाचपासून जागा असतो.

तुझा,
सर