प्रश्न तुमचे : "पुढं काय झालं?"

प्रश्न : बाई, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आम्हाला समाजात जाऊन प्रकल्प करायचा असतो, त्याला २ क्रेडिट आहेत. आमचा गट प्रश्नावली घेऊन कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगार बायकांच्या वसाहतीत, गेला. एक मावशी म्हणाल्या, "मागच्या वर्षीपण पोरं लिवून घेऊन गेली. पुढं काय झालं?" आम्ही गप्प बसलो. प्रकल्प बदलावा का?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : वस्ती बदलू नका, प्रश्नावली बाजूला ठेवा. मावशींनी विचारलं ते रागानं नव्हे, हक्कानं. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची ती १०,००० घरं या बायकांनी मोर्चे काढून आणि स्वतःच्या वाट्याचे पैसे भरून मिळवलीत. त्यांची माहिती सरकारदरबारी कितीतरी वेळा गेली आहे. तुमच्या गटानं तीच परत गोळा करून कुणाचं काय भलं होणार?

माझी आई विड्या वळायची, म्हणून एक आधी सांगते. सकाळी जाऊ नका. तेव्हा वळलेला माल कारखान्यात देऊन पान-तंबाखू आणायची घाई असते. दुपारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते, हात चालू असतात, तोंड मोकळं असतं. तेव्हा शेजारी बसा. गटात तेलुगू बोलणारं कुणी असेल तर बोलणं त्याच्याकडे द्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बायका आईच्या भाषेत भडाभडा बोलतात. तंबाखूच्या दुष्परिणामांवर व्याख्यान मात्र देऊ नका. तिचा खोकला तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता काम. विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती असते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा, मग शाळेनं त्याची पडताळणी करायची. अडतं ते बारीकसारीक गोष्टींत. विडी कार्डावर, म्हणजे विडी कामगाराच्या ओळखपत्रावर, आडनाव एका तऱ्हेनं लिहिलेलं, आधारवर दुसऱ्या. तेलुगू आडनावांचं तर हमखास असं होतं. कुठे बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. कुठे शाळेत अर्ज तसाच पडून राहतो. बाईनं यासाठी हेलपाटे घातले की त्या दिवसाच्या विड्या बुडतात, आणि तिची मजुरी हजार विड्यांवर असते.

एकच गल्ली घ्या. शाळेत जाणारी मुलं कोणत्या घरांत आहेत ते बघा, कागद तपासा, नावातला फरक दुरुस्त करायला बाईबरोबर जा, पोर्टल उघडं असेल तेव्हा अर्ज भरा, शाळेतल्या सरांना भेटा. आधारचे फोटो मात्र तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरवू नका. कागद तिच्यासमोर बघायचा आणि तिच्याच हातात परत द्यायचा. ओटीपी तिला विचारून, ती शेजारी असतानाच टाकायचा.

तुमच्या मार्गदर्शकांना हे आधी सांगा. अहवालाला आकडे हवेत असं ते म्हणतील. आकडे मिळतीलच : किती अर्ज भरले, किती अडकले, कशामुळे अडकले. असा अहवाल पुढच्या वर्षीच्या गटाला कामाचा, कारण अर्धवट राहिलेल्या घरांपासूनच त्यांना सुरुवात करता येईल. त्याची एक प्रत त्या गल्लीतही द्या, आणि ती तेलुगूत वाचून दाखवा.

त्या मावशींकडे मात्र याच आठवड्यात जा. मागच्या मुलांचं काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, हे सरळ सांगा, आणि त्यांच्या घरातलं कोण शाळेत जातं ते विचारा. एखादा अर्ज शाळेतच अडकला तर मला लिही, मुख्याध्यापकांना द्यायच्या पत्राचा मसुदा मी करून देईन.