टॅब दाबलं तरी यादी येत नाही?

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये पावसाच्या नोंदींमधले गॅप भरायला मॅटलॅबमध्ये (गणिती कामाचं सॉफ्टवेअर) स्वतः लिहिलेली बरीच फंक्शन्स आहेत. त्यातल्या फिलरेनला सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींची), मग गॅप भरायची पद्धत (लिनिअर, निअरेस्ट की स्प्लाइन) आणि शेवटी मॅक्सगॅप (जास्तीत जास्त केवढा गॅप भरायचा ते) द्यावं लागतं. मॅटलॅबच्या स्वतःच्या फंक्शनला टॅब दाबलं की पर्याय दिसतात, आमच्याला काहीच नाही, मग नवीन पोरं सारखी विचारत बसतात. तशी यादी आणता येईल का?
– पीएचडी करणारी एक वाचक

उत्तर : येईल की! आधी व्हर्जन बघा. आर2019बी किंवा त्यानंतरचं असेल तर फंक्शनच्या पहिल्या ओळीखाली आर्ग्युमेंट्स ब्लॉक (इनपुट कसे हवेत ते सांगणारा भाग) टाका आणि पद्धतीच्या ओळीत मस्टबीमेंबर (यादीतलंच हवं अशी अट) लावून ते तीन शब्द लिहा. टॅबला तेच तीन समोर येतात, शिवाय कुणी चौथंच काही टाइप केलं तर फंक्शन तिथंच एरर देऊन थांबतं, म्हणजे एका कामात दोन कामं. नवीन फंक्शन लिहीत असाल तर मी तरी हेच सुचवेन.

पण जुना कोड वॅरार्गइन नि इनपुटपार्सरने (इनपुट घ्यायच्या आधीच्या पद्धती) भरलेला असला आणि त्याला हात लावायची भीती वाटत असेल (वाटतेच!), तर जेसन फाइलचा (ठरावीक साच्यात माहिती लिहिलेली साधी मजकुराची फाइल) रस्ता आहे. फिलरेन ज्या फोल्डरमध्ये आहे त्यातच रिसोर्सेस नावाचं फोल्डर करायचं आणि आत फंक्शनसिग्नेचर्स डॉट जेसन ही फाइल, सलग एक शब्द, सुरुवातीचं एफ लहान आणि मधलं एस कॅपिटल. त्यात फंक्शनचं नाव, खाली इनपुट्स, आणि प्रत्येक इनपुटला नाव, काइंड, टाइप. सीएसव्हीचं काइंड रिक्वायर्ड (द्यावंच लागतं असं) ठेवा आणि टाइपमध्ये फाइल लिहून स्टार डॉट सीएसव्ही द्या, म्हणजे टॅबला फक्त सीएसव्हीच दिसतील. पद्धत ऑर्डर्ड (ठरलेल्या क्रमाने येणारी), तिथं चॉइसेस लिहून तीन शब्द सिंगल कोटमध्ये, कारण बाहेरचे डबल कोट जेसनचे असतात. मॅक्सगॅप नावासकट देत असाल तर त्याचं काइंड नेमव्हॅल्यू. एकच फंक्शन दोन तऱ्हांनी बोलवत असाल तर त्याच नावाची नोंद दोनदा केलीत तरी चालतं, एरवी जेसनवाले नाक मुरडतील पण मॅटलॅब त्या दोन वेगळ्या सिग्नेचर (फंक्शन बोलवायच्या तऱ्हा) धरतं.

यादी आलीच नाही तर बहुतेक वेळा कुठंतरी स्वल्पविराम जास्त पडलेला असतो किंवा कंस राहिलेला असतो. डोळे फोडत बसू नका, कमांड विंडोमध्ये व्हॅलिडेटफंक्शनसिग्नेचर्सजेसन चालवा, चूक कुठल्या ओळीत आहे ते मॅटलॅब सांगतं. फंक्शन प्लसवाल्या पॅकेज फोल्डरमध्ये (ज्याच्या नावाआधी + असतं) असेल तर रिसोर्सेस त्याच्या आत नको, सगळ्यात वरच्या प्लस फोल्डरच्या शेजारी हवं.

आणि एक, ही फाइल फक्त दाखवते, तपासत काहीच नाही. यादीत नसलेला शब्द दिला तरी मॅटलॅब तो गुपचूप फंक्शनला पोचवतं, त्यामुळे आतली तपासणी काढून टाकू नका.

प्रश्न : हाच कोड आम्ही घरी ऑक्टेव्हमध्येही (मॅटलॅबसारखं मोफत सॉफ्टवेअर) चालवतो, काही बिघडेल का?

उत्तर : जेसन फाइलने काही बिघडत नाही, ऑक्टेव्ह तिच्याकडे बघतच नाही, त्यामुळे तिथं यादीही मिळणार नाही. आर्ग्युमेंट्स ब्लॉकच्या भरवशावर मात्र ऑक्टेव्हमध्ये राहू नका, दोन्हीकडे चालवायचा कोड असेल तर तुमच्यासाठी जेसनच बरं.